काही नाही, घरीच असते

इंदूरच्या लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात सर्वेक्षणाचा माणूस दाराशी येतो, तेव्हा प्रश्न हिंदीतच येतो. "भाभीजी क्या करती हैं?" उत्तर देणारा बहुधा नवरा, नाहीतर सासरे. "कुछ नहीं, घर पर ही रहती हैं." घरात मराठी, दारात हिंदी, पण वाक्य दोन्हीकडे एकच: काही नाही, घरीच असते. एवढ्या उत्तरावर माणूस टॅबवर ९२ हा आकडा टाकतो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

देशात किती लोक कामाला आहेत हे मोजणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणात ९२ म्हणजे 'फक्त घरकाम'. घरकाम सांभाळून जी सरपण, भाजी, गुरांचा चारा गोळा करते किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करते, ती ९३. ९२ आणि ९३ दोन्ही कामगारांच्या मोजणीबाहेर. तीच बाई दुपारी नवऱ्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसत असेल, तर ती २१: घरच्या धंद्यातली मदतनीस. पगार तिलाही नाही, पण ती कामगारांत धरली जाते. वर्षात ३० दिवस असं काम केलं तरी ते दुय्यम काम म्हणून नोंदवता येतं. म्हणजे राष्ट्राच्या हिशोबात बाई आत की बाहेर, हे पुष्कळदा दारातला माणूस दुसरा प्रश्न विचारतो की नाही यावर ठरतं. "दुकान पर बैठती हैं क्या? टिफिन का काम? सिलाई?" विचारलं तर २१ किंवा ११ (स्वतःचा धंदा करणारी), नाही विचारलं तर ९२.

हे बारकावे माहीत नसले की टीव्हीवरची भांडणं फुकटची वाटतात. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबळातला वाटा २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. सरकारच्या बाजूचे म्हणतात, बायका कामाला लागल्या. विरोधक म्हणतात, हलाखी वाढली म्हणून शेतात आणि दुकानात राबतात. वाढीचा मोठा भाग ग्रामीण आणि स्वयंरोजगारातला आहे, आणि त्यात बिनपगारी मदतनीस भरपूर आहेत, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यांतल्या कितीजणी खरोखर नव्याने कामाला लागल्या आणि कितीजणींना फक्त दुसरा प्रश्न नीट विचारला गेला, हे सांगणं कठीण. पण असल्या शंकेवर स्टुडिओत कोणी टाळ्या देत नाही.

घरकाम मोजायचं नाही, हा आपल्याकडच्या पुरुषांचा शोध नव्हे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांनी रेघ ओढली आहे: घरच्यासाठी वस्तू बनवली तर ते उत्पादन, घरच्यासाठी सेवा केली तर नाही. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले पापड, कुरडया, बरणीतलं लोणचं या रेघेच्या आत येतात. तेच पापड भाजून वाढणं बाहेर. त्यातही आपल्या श्रमबल सर्वेक्षणाने स्वतःची आणखी एक रेघ ओढली आहे. घरच्या खाण्यासाठी गहू पिकवणं हे काम, त्याच गव्हाचं घरच्यासाठी पीठ करणं हे काम नाही. १९३४ मध्ये मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी साधी कसोटी सांगितली होती: जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येतं, ते उत्पादक. तुमच्यासाठी दुसरं कोणी जेवू शकत नाही, पण स्वयंपाक करू शकतं. इंदुरी घराला ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही. झाडू-पोछ्याचा दर वेगळा, बर्तनाचा वेगळा, रोटीचा माणशी वेगळा, पाहुणे आले की वरचे पैसे, महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरलेल्या. बाई नाही आली त्या दिवशी हीच कामं सून करते, आणि दरपत्रक तेवढ्या दिवसापुरतं गायब होतं.

वेळ मात्र मोजला गेला आहे. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत चाचणी झाली, त्यात मध्य प्रदेश होता आणि गुजरातही. पूर्ण देशाचं वेळ-वापर सर्वेक्षण झालं २०१९ मध्ये, मग २०२४ मध्ये. पद्धत अशी: पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येकात काय केलं ते लिहायचं. १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला वेळ २०१९ मध्ये ३१५ मिनिटं होता, २०२४ मध्ये ३०५. पाच वर्षांत दहा मिनिटं. मुलाबाळांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल निराळी: ती करणाऱ्या स्त्रिया १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. या रकान्यांत न मावणारं काम हेच खरं घरकाम, असं मला वाटतं. दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर, दुसरा पोराच्या गणिताच्या वहीवर, कान नर्मदेच्या नळाकडे. इंदुरात पुष्कळ भागांत नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून आलेलं ते पाणी टाकीत भरून घेण्यासाठी कोणीतरी घरी असावं लागतं. मोटर लावायला दोन मिनिटं लागतात. नळाच्या वेळेभोवती सकाळ बांधलेली असते, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

दिवाणखान्यातला वाद इथवर येतच नाही. एक काका म्हणतात, आईच्या मायेला मोल लावायचं नसतं, हे पश्चिमेचं खूळ आहे. वाटणीच्या वेळी हेच काका पितळेच्या पातेल्यांपर्यंत मोजणी करतात, ते असो. कॉलेजातून आलेली पुतणी म्हणते, घरकामाला पगार हवा. ही मागणी जुनी आहे, १९७२ मध्ये इटलीतून तिची चळवळ सुरू झाली. प्रश्न तेव्हाही हाच होता की द्यायचा कोणी. नवऱ्याने दिला तर एका खिशातून दुसऱ्या खिशात. सरकारने दिला तर चूल बाईच्या गळ्यात कायमची बांधली जाण्याची भीती, आणि हा आक्षेप चळवळीतल्याच बायकांनी घेतला होता. तिसरा, आयटी पार्कातला, म्हणतो की नोकरी करा, स्वयंपाकाला बाई ठेवा, बाजार सगळं सोडवतो. त्या बाईच्या घरी स्वयंपाक कोण करतं, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. बहुधा तिची दहा-बारा वर्षांची मुलगी.

या तिघांच्याही डोक्यात नसलेली एक गोष्ट: घरकामाचा दर आपल्या देशात ठरलेला आहे. लेखी, तक्त्यासकट. फक्त तो बाई गेल्यावर लागू होतो.

तो दर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मिळतो. गृहिणी अपघातात गेली तर घरच्यांना भरपाई किती, याचं गणित सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने बांधलं. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला एका समारंभात आग लागून पुष्कळ बायका-मुलं गेली, त्या प्रकरणात २००१ साली न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं, वयस्क बायकांचं वर्षाला २०,०००. २००९ च्या निकालात वयानुसार गुणकाचा, म्हणजे वर्षाची रक्कम कितीने गुणायची त्या आकड्याचा, तक्ता आला. २०१७ मध्ये भविष्यातल्या वाढीची टक्केवारी ठरली. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात स्पष्ट झालं की ही वाढ गृहिणीच्या मानीव, म्हणजे हिशोबापुरत्या धरलेल्या, उत्पन्नालाही लागू आहे. त्याच निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे मांडले आणि २०११ च्या जनगणनेतलाही एक: घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या स्त्रिया १५.९८ कोटी, पुरुष ५७.९ लाख.

गणित करून बघण्यासारखं आहे. समजा, बाई ३८ वर्षांची. न्यायाधिकरणाने तिच्या कामाचं मानीव उत्पन्न महिना १०,००० धरलं. चाळिशीच्या आत, म्हणून ४० टक्के वाढ: १४,०००. मागे अवलंबून चौघं, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: १०,५००. वर्षाचे १,२६,०००. ३६ ते ४० वयाचा गुणक १५, म्हणजे १८,९०,०००. त्यावर संपत्तीच्या हानीचे १५,०००, अंत्यविधीचे १५,०००, साहचर्य गमावल्याचे ४०,०००. या तीन रकमा दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवायच्या. बाई ५१ ची असती तर वाढ १० टक्के, गुणक ११, आणि मूळ रक्कम १०,८९,०००. तेरा वर्षांत आठ लाख कमी. सासूबाईंचं गुडघेदुखीचं आणि सुनेचं ओट्याशी उभं राहणं यातला फरक कायद्याच्या भाषेत असा दिसतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली, मानीव उत्पन्न. त्याचा एक आकडा कायद्यात नाही, त्यामुळे अनेकदा अकुशल मजुराचं किमान वेतन धरतात, कधी त्याच्याही खाली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गृहिणीचं मानीव उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी कसं असेल. त्या प्रकरणात २.५ लाखांची भरपाई ६ लाख झाली, अपघात होता २००६ चा. दुसरी चूक वयाची. एकोणचाळीस आणि एकेचाळीस यांच्यामध्ये वाढीची टक्केवारीही बदलते आणि गुणकही, म्हणून वयाचा पुरावा लाखमोलाचा. आधारवरची तारीख अंदाजे टाकलेली असते, आणि २०२४ मध्येच न्यायालयाने म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला जास्त ग्राह्य. जुन्या पिढीतल्या किती बायकांचे दाखले घरात सापडतात? लग्नानंतर नाव बदललेलं, दाखला माहेरच्या नावाने, माहेर जळगावला किंवा धुळ्याला. तिसरी चूक मला सर्वांत विचित्र वाटते. तिच्या स्वतःच्या खर्चापोटी चतुर्थांश कापतात. जिच्या हातात कधी पगार आला नाही, तिने तो स्वतःवर किती उडवला असता याची वजावट.

जिवंतपणी हिशोब उलटा फिरतो. आयकराच्या खिडकीशी तीच बाई संशयित असते. घरच्या धंद्यात, समजा नमकीनच्या दुकानात, नवऱ्याने बायकोला पगार लावला, तर कायदा विचारतो: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता आहे का, आणि हा पगार त्या पात्रतेमुळेच आहे का? नसेल तर पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. वीस वर्षं शेवेच्या पिठातलं तेलाचं प्रमाण जिच्या हाताने ठरलं, तिची पात्रता सिद्ध करणारं प्रमाणपत्र कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. नियम वाईट हेतूने केलेला नाही. बायकोच्या नावावर खोटे पगार दाखवून कर चुकवणारे होते आणि आहेत. पण चोराला धरायला लावलेल्या जाळ्यात राबणारीच जास्त अडकते. नवऱ्याने दिलेली रक्कम तिने मुदत ठेवीत टाकली तर व्याज त्याच्या उत्पन्नात. त्या व्याजाची पुन्हा ठेव केली, तर त्यावरचं व्याज मात्र तिचं. एवढी फट शिल्लक आहे.

डब्यातले पैसे म्हणजे डाळीच्या, तांदळाच्या डब्यात आणि साड्यांच्या घडीत ठेवलेले पैसे. ते २०१६ च्या नोटाबंदीत एकदम उघड्यावर आले. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने २,११,५०० रुपये बँकेत भरले, आयकर खात्याने ते अघोषित उत्पन्न ठरवलं. नवऱ्याने, मुलाने, नातेवाइकांनी दिलेल्यातून मागे टाकलेले पैसे, असं तिचं म्हणणं. २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने ते मान्य केलं आणि नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला उत्पन्न धरू नये असं म्हटलं. निकाल चांगला आहे, पण बारकाईने वाचला तर तो काटकसरीला मान देतो, कामाला नाही. घरखर्चातून जे वाचलं ते कमावलेलं नव्हे, तरी तिचं. का तिचं, याचं उत्तर 'बायका वाचवतातच' इथे येऊन थांबतं.

अविभक्त हिंदू कुटुंब हा कायद्याने मानलेला दुसरा संसार. त्याचं स्वतंत्र पॅन कार्ड, स्वतंत्र विवरणपत्र, वरती कर्ता. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे घराण्याच्या मिळकतीतली वाटेकरी आहे, मुलाइतकीच. दिल्ली उच्च न्यायालयाने तर डिसेंबर २०१५ मध्ये ज्येष्ठ मुलगी कर्ताही होऊ शकते असं म्हटलं. आणि त्या घरात चाळीस वर्षं राबलेली सून? ती सदस्य. वाटणी मागण्याचा हक्क तिला नाही, नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर हिस्सा मिळतो. कुटुंब म्हणजे संस्कार असं म्हणणाऱ्यांनी आणि कुटुंब म्हणजे पितृसत्ता असं म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ एकत्र बसून वाचायला हरकत नाही. तिकडे गोव्यात, पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेच्या वारशाने, वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, अर्धी-अर्धी. आपल्याकडे असा सामान्य कायदा नाही. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा निम्मा वाटा मानला, पण तो एका न्यायालयाचा एक निकाल.

मध्य प्रदेशातला वाद सध्या फिरतो तो लाडली बहना योजनेभोवती. जून २०२३ मध्ये महिना १,००० रुपयांनी सुरुवात, त्याच ऑक्टोबरपासून १,२५०, नोव्हेंबर २०२५ पासून १,५००. वय २१ ते ६०, विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, घरात कोणी आयकर भरणारा नको. 'रेवडी' म्हणून नाक मुरडणारे आणि 'सशक्तीकरण' म्हणून पोस्टर लावणारे, दोघंही एका कारकुनी अटीकडे बघत नाहीत: पैसे तिच्या एकटीच्या खात्यात जातात. संयुक्त खातं चालत नाही. समग्र आयडीची (राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाची) ई-केवायसी हवी, खातं आधारशी जोडलेलं हवं आणि डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय, सुरू हवी. पैसे अडकतात ते बहुधा इथेच: समग्रमध्ये नाव एक, आधारमध्ये दुसरं, किंवा आधार जोडलं पण डीबीटी चालू केली नाही. घोषणेपेक्षा ही अट मला मोठी वाटते. तिने हजारो बायकांना पहिल्यांदा बँकेच्या खिडकीशी एकटीने उभं केलं. रक्कम घरकामाचा मोबदला म्हणावी इतकी नाही, आणि सरकारही तसं म्हणत नाही. भावाची ओवाळणी म्हणतं. ओवाळणीची पावती नसते.

इंदूरच्या स्वच्छतेचा हिशोबही याच वहीत लिहायला हवा. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ पासून चालू आहे, क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. तो चालतो कारण कचरा घरातच सहा प्रकारांत निघतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घरगुती घातक. भाजीच्या देठांत दुधाची पिशवी राहिली की यंत्रात ती अडकते, खतात उतरते. डायपर ओल्यात गेला तर अख्खा डबा बाद. गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन खाली कोण धावतं, हे सकाळी कुठल्याही गल्लीत उभं राहून बघावं. शहराला पुरस्कार मिळतात, प्रकल्पाला गॅसचे पैसे मिळतात. पिशवी धुऊन, वाळवून वेगळी ठेवणारीचा कोड ९२.

इंदूरच्याच हुकुमचंद कापड मिलची गोष्ट याच्या शेजारी ठेवली की फरक दिसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली, कामगारांची देणी अवसायनात, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याच्या प्रक्रियेत, अडकली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला, लाभार्थी सुमारे ४,८००. तीस वर्षांहून जास्त. बरेच कामगार तोवर हयात नव्हते. तरी दावा टिकला, कारण हजेरीपट होता, तिकीट क्रमांक होता, भविष्यनिर्वाह निधीचं खातं होतं, संघटना होती. मधली तीस वर्षं ज्यांनी घर ओढलं, त्यांच्या कामाचा हजेरीपट कोणाकडेच नव्हता. त्यांना मिळालं ते विधवा म्हणून, वारस म्हणून.

विचारसरणीच्या खुणा इथे फसव्या निघतात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक. डाव्यांना ते कधी आपले वाटले नाहीत. पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचं अधिवेशन त्यांनी भरवलं, आणि मग लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला: ज्या गावात शंभर कुटुंबं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील, त्या गावात ते येणार. घरलक्ष्मीचं हे कर्ज आहे, अशी मांडणी. सातबाऱ्यावर नाव चढवणं, एवढंच. माया मोजायची की नाही, हा वाद त्यांनी तलाठ्याच्या दप्तरात नेऊन मिटवला.

शहरी घराला हेच करता येतं, फार गाजावाजा न करता. फ्लॅटच्या रजिस्ट्रीत तिचं नाव जोडायचं तर बेनामी होईल ही भीती निराधार आहे. ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी कायद्याने वगळली आहे. भाडं येत असेल तर ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जाईल, एवढंच. राहत्या घराला तोही प्रश्न नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र ध्यानात हवं: बँकेत नॉमिनी बायको असली तरी पैसे अखेर वारसांचे, म्हणून नॉमिनेशनवर न थांबता इच्छापत्र करावं, दोन साक्षीदारांसह. आणि तिचा शाळेचा दाखला शोधून ठेवावा.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा माणूस दाराशी येईल, तेव्हाही हाच प्रश्न येणार. घरातली बाई टिफिन देत असेल, फॉल-पिको करत असेल, दुकानात बसत असेल, सहा महिन्यांहून कमी का असेना, तर ते सांगायचं. त्याला अल्पकालीन कामाचा रकाना असतो. त्याहून सोपं म्हणजे उत्तर तिला देऊ द्यावं. "दो मिनट रुकिए," एवढंच माणसाला म्हणावं. गॅस बारीक करून येईल ती.